सफेद मुसळी

(सं. श्वेतमुसली, हिं. सफेद मूसली; लॅ. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, कुल–लिलिएसी, पलांडु कुल). पांढऱ्या फुलांची ही लहान, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी), रानटी ओषधी भारतातील पानझडी जंगलांत पावसाळ्यात उगवते. तिची मांसल मुळे सोलून व वाळवून औषधी द्रव्य म्हणून विकली जातात आणि त्यासाठीच तिची लागवडही केली जाते. महाराष्ट्रात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अकोला व अमरावती या जिल्ह्यांत ही लागवड आढळते. मुळांपासून लागवड सोपी असली, तरी तिच्यासाठी लागणारे बेणे प्रारंभी जंगलातूनच आले आहे. बियांपासून वाढविणे हा मार्ग संथ व कष्टाचा असला, तरी वनस्पतीच्या टिकाऊपणाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

नाव व प्रसार : क्लोरोफायटम हे प्रजातिनाम ‘हिरवी वनस्पती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. या प्रजातीतील जाती मुख्यत्वे आफ्रिका व आशिया या खंडांच्या उष्ण भागांत आढळतात. कुंड्यांत शोभेसाठी लावतात ती, पानांवर पांढरे पट्टे असलेली व लोंबत्या धुमाऱ्यांना रोपे येणारी ‘स्पायडर प्लँट’ ही आफ्रिकेतील वनस्पती याच प्रजातीतील आहे. बोरिव्हिलिएनम हे जातिवाचक नाव मुंबईजवळील बोरिवली या स्थळावरून दिलेले आहे. फादर सांतापाव व आर्. आर्. फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्वीच्या वर्गीकरणात हिचा समावेश लिलिएसी (पलांडु) कुलात करीत. आधुनिक वर्गीकरणात ती ॲस्परॅगेसी (शतावरी) कुलात घालतात.

राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांतील अरवली, विंध्य, सातपुडा व सह्याद्री या डोंगररांगांच्या उतारांवर ती नैसर्गिक रीत्या वाढते. हिच्या व हिच्या काही जवळच्या जातींच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्याच्या प्रारंभी केली जाते. महाराष्ट्राच्या पश्चिम भागात ती कुलू वा फोडशी या नावांनी बाजारात येते. काळी मुसळी (कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस) ही पिवळ्या फुलांची, निराळ्या कुलातील वनस्पती असून नामसाम्यामुळे तिची सफेद मुसळीशी गल्लत होऊ नये.

वर्णन : खोड अत्यंत आखूड, चकतीसारखे व जमिनीच्या पृष्ठाखाली असते. त्यावरील कळीतून मूलज (मुळातूनच निघाल्यासारखी वाटणारी) पाने उगवतात. ती साधी, लांबट, कुंतसम (भाल्यासारखी), टोकदार व तळाशी परस्परांना आवेष्टिणारी असतात. चकतीच्या खालच्या बाजूस आगंतुक मुळांचा झुबका असून त्यांपैकी बरीच मुळे अन्नसंचयामुळे फुगून मांसल, दंडाकृती व टोकाकडे निमुळती होतात. प्रत्येक झुबक्यात अशी मुळे पाच-सहांपासून वीस किंवा त्यांहूनही अधिक असतात. साल फिकट तपकिरी व आतील भाग पांढरा असतो. त्यावरूनच ‘सफेद’ हे विशेषण पडले आहे.

फुलोरा अशाख मंजरी असून तिच्या दांड्यावर लहान छदांच्या बगलेत फुले झुबक्यांनी येतात. फुले पांढरी, नियमित व द्विलिंगी असतात. परिदले सहा, दोन मंडलांत. केसरदले सहा, परागकोश पिवळे. किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन कप्प्यांचा असतो [⟶ फूल]. फळ (बोंड) त्रिकोणी, शुष्क व तडकणारे असून बिया बारीक, काळ्या, काहीशा चपट्या व कोनयुक्त, दिसण्यात कांद्याच्या बियांसारख्या असतात. गुणसूत्रांची द्विगुणित संख्या १६ आहे. फुले मुख्यत्वे जुलै व ऑगस्टमध्ये येतात.

अवर्षण-सहनशीलता : सफेद मुसळीस अवर्षणसह म्हणतात, परंतु हा गुण कोरफडीसारख्या वनस्पतींच्या गुणाहून भिन्न आहे. कोरफड आपल्या जाड पानांत पाणी साठवून कोरड्या ऋतूतही हिरवी राहते. सफेद मुसळी मात्र कोरड्या ऋतूला हिरव्या अवस्थेत सामोरीच जात नाही. जूनमधील पहिल्या चांगल्या पावसानंतर ती उगवते, तीन-साडेतीन महिन्यांत वाढ, फुलणे व फळणे उरकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची पाने पिवळी पडून सुकतात. त्यानंतर मे अखेरपर्यंत जमिनीवर तिचे कोणतेही चिन्ह राहत नाही. या काळात चकतीवरील कळी सुप्त असते व तिचे पोषण मांसल मुळांतील अन्न व पाणी यांवर होते.

या जीवनक्रमातून लागवडीच्या दोन बाबी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पाने गळाल्यानंतर झाडास पाणी देणे अनावश्यक व पुष्कळदा घातक ठरते; सुप्त मुळे ओलसर जमिनीत कुजतात. दुसरी अशी की, पावसाळ्यातील तीन महिने हाच तिच्या वाढीचा एकमेव काळ असल्यामुळे त्या काळात पावसाने दीर्घ ताण दिल्यास नुकसान भरून निघत नाही. अशा वेळी मात्र पाणी द्यावे लागते. याचाच आणखी एक परिणाम असा की, मनुष्य ज्या मुळांचा उपयोग करतो तीच झाडाची उन्हाळ्यातील शिदोरी असल्याने संपूर्ण झुबका खणून काढला, तर त्या जागी पुढील वर्षी झाड उगवत नाही.

हवामान व जमीन : वऱ्हाडातील हवामान सफेद मुसळीच्या जीवनक्रमास अनुरूप आहे. अकोला येथे वार्षिक पर्जन्यमान सु. ७५०–८०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात दिवसाचे तापमान ४२° से.च्या वर जाते. परंतु त्या वेळी वनस्पती सुप्तावस्थेत असते.

जमिनीच्या बाबतीत मात्र जिल्ह्याच्या सर्वच भागांत परिस्थिती सारखी नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमीन खोल, काळी व चिकण असून निचरा मंद आहे आणि भूजल खारट आहे. अशा जमिनीत मुळे कुजतात, भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत तुटतात आणि काढणीच्या वेळी ढेकळांना चिकटून राहतात. उलट, अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचा व रेव-वाळूचा पट्टा आहे. तेथील जमीन भुसभुशीत व निचऱ्याची असून विहिरींचे पाणी गोडे आहे. अकोट व अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी या परिसरात पानवेल व पानपिंपळी यांच्या मळ्यांची परंपरा असून सावली, निचरा व सेंद्रिय खत यांची काळजीपूर्वक व्यवस्था करण्याची सवय तेथील शेतकऱ्यांना आहे. सफेद मुसळीसही हेच कौशल्य उपयोगी पडते.

बियांपासून लागवड : मंजरीवरील बोंडे खालून वर अशी क्रमाक्रमाने पिकतात. सर्व बोंडे पिकण्याची वाट पाहिल्यास खालची तडकून त्यांतील बी जमिनीवर सांडते. त्यामुळे बोंडांचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होऊ लागताच खुडून घेणे, अथवा बहुसंख्य बोंडे त्या अवस्थेत आली असता दांडा कापून स्वच्छ कापडावर सावलीत सुकविणे योग्य असते. दोन-तीन वेळा खुडणी केल्यास बी अधिक मिळते. बोंडे चुरून पाखडल्यावर काळे, भरीव बी निवडतात. फिकट व पोचट बी टाकून देतात. सुकविलेले बी कापडी वा कागदी पिशवीत, कोरड्या व थंड जागी ठेवतात.

बियांपासून लागवड करण्यातील मुख्य अडचण अल्प बीजांकुरण ही आहे. पेरलेल्या बियांपैकी शेकडा १५–२५ इतकेच बी उगवते असा सर्वसाधारण अनुभव आहे. याची दोन कारणे आहेत. ताज्या बियांत सुप्तावस्था असते व ती काही महिन्यांनंतरच संपते. दुसरीकडे, बियांची अंकुरणक्षमता फार काळ टिकत नाही. म्हणून ऑक्टोबरात गोळा केलेले बी त्याच हिवाळ्यात न पेरता व दोन-तीन वर्षे साठवूनही न ठेवता लगतच्या जूनमध्ये पेरणे श्रेयस्कर ठरते. निसर्गातही बोंडातून सांडलेले बी कोरडा ऋतू जमिनीवर काढून पुढील पावसाळ्यातच उगवते. जिबरेलिक अम्लासारख्या वृद्धिसंप्रेरकाच्या प्रक्रियेने प्रयोगशाळेत अंकुरणात वाढ झाल्याचे आढळले आहे. शेतावर मात्र बी रात्रभर पाण्यात भिजवून तरंगणारे बी काढून टाकणे हाच सोपा उपाय आहे.

पेरणीसाठी सु. १ मी. रुंद व १५–२० सेंमी. उंच गादीवाफे करतात. पोयट्याची माती, चाळलेली वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत समभाग मिसळून वरचा थर तयार करतात. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी व वाळवी येत असल्याने ते टाळतात. मॉन्सूनचा पाऊस सुरू होताच किंवा त्याच्या थोडे आधी सु. १० सेंमी. अंतरावर उथळ ओळी पाडून बी पेरतात आणि त्यावर जेमतेम झाकण्याइतकी बारीक माती पसरतात. जोराच्या सरींनी बी उघडे पडू नये म्हणून वाफ्यावर गवताचे विरळ आच्छादन घालतात व अंकुर दिसू लागताच ते काढून घेतात. वाफा सतत ओलसर पण चिबड होणार नाही अशा बेताने ठेवतात. अंकुर साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत दिसू लागतात. मात्र उगवण एकाच वेळी होत नाही. त्यामुळे वाफा लवकर मोडून टाकणे इष्ट नसते.

वनस्पती एकदलिकित असल्याने पहिले पान गवताच्या पात्यासारखे असते. निंदणीच्या वेळी तण समजून रोपे उपटली जाण्याचा धोका या अवस्थेत सर्वांत अधिक असतो. ओळीत पेरणी करण्याचे खरे कारण हेच आहे. ओळींमधील सर्व उगवण निःशंकपणे काढून टाकता येते व ओळीतील पाती दोन-तीन पानांची होईपर्यंत राखता येतात.

पहिल्या पावसाळ्यात रोपांना मोजकीच पाने येतात व फुलोरा बहुधा येत नाही. ऑक्टोबरात पाने सुकल्यावर रोप मेले असे वाटते. वस्तुतः एक-दोन लहान मांसल मुळे व त्यांवरील कळी जमिनीत जिवंत असते. निचऱ्याच्या वाफ्यात ती तशीच ठेवता येतात. वाफ्याच्या कडेला खुणेच्या काठ्या रोवून त्या जागी उन्हाळ्यात खणले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. अन्यथा मुळे अलगद काढून कोरड्या वाळूत, सावलीत ठेवतात. पुढील जूनमध्ये ती ३० × १५ सेंमी. अंतरावर कायमच्या वाफ्यात लावतात. दुसऱ्या पावसाळ्यात बहुतेक झाडे फुलतात व मुळांची संख्या वाढते. विक्रीयोग्य जाडीची मुळे मिळण्यास तिसरा हंगाम उजाडतो.

मुळांपासून लागवड : व्यापारी लागवड प्रायः या रीतीने करतात. मुळांचा झुबका चकतीसह उभा चिरून प्रत्येक मुळाबरोबर चकतीचा थोडा भाग व कळी राहील असे तुकडे करतात. चकतीविना मूळ कितीही जाड असले, तरी ते उगवत नाही. सु. ५–१० ग्रॅ. वजनाचे तुकडे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून जूनमध्ये लावतात. यात पीक एकाच हंगामात हाती येते व मातृवृक्षाचे गुण कायम राहतात, हे दोन लाभ आहेत.

परंतु बेण्याची गरज मोठी असते. ३० × १५ सेंमी. अंतराने एक एकर क्षेत्रात, वाफ्यांमधील वाटा वगळून, सु. ८०,००० तुकडे लागतात; म्हणजेच ४–८ क्विंटल मुळे होतात. एका झुबक्यातून दहा तुकडे मिळतात असे धरले, तरी एका एकरासाठी ८,००० झाडे खणावी लागतील. बेणे जंगलातून आणल्यास याचा अर्थ उघड आहे. याउलट ५,००० बियांची पेरणी करून त्यांतील शेकडा २० उगवल्यास १,००० रोपे मिळतात. दुसऱ्या वर्षी लावलेल्या या रोपांपासून हंगामाअखेर प्रत्येकी पाच तुकडे मिळतात असे मानल्यास तिसऱ्या वर्षी ५,०००, चौथ्या वर्षी २५,००० व पाचव्या वर्षी १,२५,००० तुकडे हाती येतात. म्हणजे जंगलातील एकही झाड न उपटता, पाचव्या पावसाळ्यात एक एकराची लागवड स्वतःच्या बेण्यावर करता येते. प्रत्यक्षात मर व कूज यांमुळे काही घट येते. तथापि हिशोबाची दिशा बदलत नाही.

बियांपासून वाढविलेल्या झाडांत परस्परांहून भिन्नता दिसते. मुळांची संख्या, जाडी, सॅपोनिनांचे प्रमाण व रोगप्रतिकारक्षमता यांबाबत निवड करण्यास अशी भिन्नता हाच आधार असतो. वर्षानुवर्षे मुळांपासूनच वाढविलेल्या क्षेत्रात ती नसल्याने एखादा रोग शिरल्यास सर्व पीक सारख्याच प्रमाणात बळी पडते.

रोग व किडी : पानांवर करपा व ठिपके हे कवकजन्य रोग दमट हवेत पडतात. पाणी साचणाऱ्या वाफ्यात मूळकूज होते. हुमणी व वाळवी मुळे पोखरतात. निचरा, पिकाची फेरपालट, निरोगी बेणे व कुजलेले खत हे प्रतिबंधक उपाय परिणामकारक ठरतात. मुळे औषधात वापरली जात असल्याने विषारी कीटकनाशके शक्यतो टाळतात.

काढणी व प्रक्रिया : पाने गळाल्यावर लगेच काढणी करीत नाहीत. सालीचा रंग गडद होईपर्यंत मुळे आणखी काही आठवडे जमिनीत राहू देतात. बहुधा नोव्हेंबरनंतर खणणी होते. बेण्यासाठी राखावयाचे झुबके वेगळे काढून उरलेली मुळे धुतात, चाकूने वा खरखरीत पृष्ठावर घासून सोलतात व उन्हात वाळवितात. वाळल्यावर वजन ओल्या मुळांच्या सु. एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश भरते. सोलण्याचे काम हाताने व वेळखाऊ असल्याने उत्पादनखर्चाचा मोठा भाग त्या मजुरीवर पडतो. सोललेली मुळे पूर्ण वाळली नाहीत, तर साठवणीत त्यांवर बुरशी येऊन रंग काळवंडतो.

घटक व उपयोग : मुळांत कार्बोहायड्रेटे सु. ४२%, प्रथिने ८–९% व सॅपोनिने २–१७% असतात. आयुर्वेदात मुसळी रसायन, बल्य व वाजीकर मानली असून बाळंतपणानंतरच्या अशक्तपणावरही ती देतात. वाजीकर गुणाविषयीच्या आधुनिक संशोधनाचा मोठा भाग प्राण्यांवरील प्रयोगांचा असून जाहिरातींतील दाव्यांना पुरेसा आधार त्यातून मिळत नाही. बाजारात हिच्यात क्लोरोफायटम प्रजातीतील इतर जातींची व शतावरीच्या प्रजातीतील मुळांची भेसळ आढळते; शतावरीच्याच प्रजातीतील एका जातीच्या मुळांस उत्तर भारतात ‘सफेद मूसली’ हेच नाव असल्याने घोटाळा वाढतो.

आर्थिक महत्त्व व संवर्धन : सफेद मुसळी जंगलातून शेतात आणण्याच्या प्रयत्नांत राजस्थानातील उदयपूर येथील कृषी संशोधनाचा वाटा महत्त्वाचा आहे. अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेल्या, डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने आपल्या नागार्जुन वनौषधी उद्यानात औषधी वनस्पतींचा संग्रह जोपासला आहे. केंद्र शासनाने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्य दिलेल्या ३२ वनस्पतींत सफेद मुसळीचा समावेश केला.

त्याच सुमारास अनेक राज्यांत तिच्या लागवडीस अकस्मात तेजी आली. पिकाची खात्रीने परत खरेदी करण्याच्या आश्वासनावर बेणे फार चढ्या भावाने विकले गेले. उत्पादन वाढताच भाव कोसळले व पुष्कळ ठिकाणी आश्वासने पाळली गेली नाहीत. अशा पिकात बेण्यावरील खर्च हाच सर्वांत मोठा असतो. ज्याचे बेणे घरचे, त्याची हानी मर्यादित राहते. कर्ज काढून बेणे विकत घेणाऱ्यास एकच वाईट हंगाम बुडवू शकतो.

मागणीचा दुसरा भार जंगलावर पडला. सातपुड्यातील मेळघाट प्रदेशाचा काही भाग १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाखाली असून अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्य त्यास लागूनच आहे. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनांत गौण वनोपज गोळा करणे हा कोरकू व इतर आदिवासींच्या उपजीविकेचा एक भाग आहे व २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा उपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. मुसळीच्या बाबतीत हा हक्क टिकाऊ ठरावयाचा, तर काढणीची वेळ व रीत महत्त्वाची आहे. बोंडे तडकण्यापूर्वी, ऑगस्टमध्येच झाड खणल्यास मूळ कच्चे मिळते व बीही वाया जाते. बी सांडल्यानंतर खणणे, झुबक्यातील चकती व दोन-तीन मुळे पुन्हा जमिनीत पुरणे आणि काही बी वाफ्यासाठी राखणे, या तीन गोष्टी पाळल्यास त्याच उतारावर पुढील वर्षीही मुसळी मिळते. पाने सुकल्यावर झाडाची जागा ओळखता येत नसल्याने फुलोरा असतानाच ती खुणेने निश्चित करून ठेवणे आवश्यक असते.